पोस्टग्रेसमध्ये निवडक टेबलांचा बॅकअप आणि एकच टेबल परत आणण्याची पद्धत

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोस्टग्रेसचा डेटाबेस ४०० जीबीचा. त्यातले ३३० जीबी एपीआय-लॉग, ऑडिट आणि नोटिफिकेशनच्या टेबलांनी व्यापलेले. धंदा चालतो तो ग्राहक, ऑर्डर, ऑर्डर-ओळी आणि पेमेंट अशा मोजक्या टेबलांवर. रोज सगळ्याचा डंप (डेटाबेस फाइलमध्ये उतरवून घेणं) परवडत नाही. मग महत्त्वाच्या टेबलांचाच बॅकअप कसा घ्यायचा? उद्या कुणी त्यातलं एखादं टेबल उडवलं, तर तेवढंच परत कसं आणायचं? आणि लॉगच्या टेबलांचं काय करायचं?

निवडक टेबलांचा डंप एका आज्ञेत निघतो. अडचण येते ती परत आणताना. टेबल कधी एकटं नसतं. त्याची फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारं बंधन) दुसऱ्या टेबलाकडे जाते, तिसऱ्या टेबलाची त्याच्याकडे येते, कॉलमचा प्रकार एखाद्या इनमवर (ठरावीक किमतींच्या यादीवर) किंवा एक्स्टेन्शनवर (पोस्टग्रेसला जोडलेल्या पॅकेजवर) अवलंबून असतो, आयडी सीक्वेन्समधून (पुढचा क्रमांक देणाऱ्या मोजकातून) येतो, वर ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड) बसलेले असतात. म्हणून रिस्टोरच्या टोकाकडून सुरुवात करा. कोणता अपघात झाल्यावर काय परत आणायचं आहे ते आधी ठरवा, बॅकअपचा आराखडा त्यातून आपोआप ठरतो.

यादी काय घ्यायचं याची नको, काय वगळायचं याची करा

पीजी-डंपला (डंप काढणाऱ्या आज्ञेला) स्मॉल टी (म्हणजे -t) पर्यायाने टेबलांची नावं देता येतात, आणि बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. या पर्यायाची मर्यादा नीट समजून घ्या. स्मॉल टीने घेतलेल्या डंपमध्ये टेबल, त्याचा डेटा, त्याचे इंडेक्स, कन्स्ट्रेंट, ट्रिगर आणि त्याच्या मालकीचे सीक्वेन्स येतात. टेबल ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या गोष्टी येत नाहीत. इनम येत नाही, ट्रिगरचं फंक्शन येत नाही, क्रिएट एक्स्टेन्शनची ओळ येत नाही, फॉरेन कीच्या पलीकडचं टेबलही येत नाही. लार्ज ऑब्जेक्ट (टेबलाबाहेर साठवलेला मोठा मजकूर किंवा फाइल) वापरत असाल तर तेही आपोआप वगळले जातात, त्यासाठी स्मॉल बी वेगळा द्यावा लागतो. असा डंप रिकाम्या डेटाबेसमध्ये ओतला तर 'टाइप डझ नॉट एक्झिस्ट' ही चूक पहिल्याच मिनिटात भेटते.

दुसरी अडचण माणसांची आहे. डेव्हलपर पुढच्या महिन्यात 'रिफंड' नावाचं टेबल वाढवतात, आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये ते नाव घालायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. नाव बदललं तर आणखी वाईट. पाच नावांपैकी एक जुळलं नाही तरी पीजी-डंप तक्रार करत नाही, उरलेली चार घेऊन यशस्वी म्हणून बाहेर पडतो. एकही नाव जुळलं नाही तरच तो चूक दाखवतो. स्मॉल टी वापरायचाच असेल, तर ९.६ पासून मिळणारा 'स्ट्रिक्ट-नेम्स' हा पर्याय सोबत द्याच.

माझा सल्ला उलट दिशेचा आहे. 'एक्स्क्लूड-टेबल-डेटा' हा पर्याय वापरा आणि लॉग, ऑडिट, नोटिफिकेशनची नावं त्यात द्या. या पर्यायाने त्या टेबलांची रचना डंपमध्ये येते, फक्त ओळी येत नाहीत. फायदे तीन. सगळी रचना, इनम, फंक्शन, एक्स्टेन्शन एकाच फाइलमध्ये येतात. नवीन टेबल आपोआप बॅकअपमध्ये जातं. आणि सगळं एकाच स्नॅपशॉटमधून, म्हणजे एकाच क्षणाच्या डेटातून येतं. हा पर्याय कॅपिटल टीपेक्षा वेगळा आहे. कॅपिटल टी टेबलाची रचनासुद्धा वगळतो, आणि मग त्याच्यावर आधारलेले व्ह्यू (नाव देऊन साठवलेल्या क्वेरी) रिस्टोरच्या वेळी पडतात. वगळायची यादी मोठी असेल तर आवृत्ती १७ पासून 'फिल्टर' पर्यायाने ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवता येते. ती फाइल गिटमध्ये ठेवा, म्हणजे कुणी काय वगळलं याची नोंद राहील.

वगळण्याआधी एक तपासणी करा. पीजी-कन्स्ट्रेंट या कॅटलॉगमध्ये (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या नोंदींच्या टेबलात) प्रकार 'एफ' असलेल्या ओळी काढा आणि घेतलेल्या एखाद्या टेबलाची फॉरेन की वगळलेल्या टेबलाकडे जाते का ते बघा. पेमेंटमधला 'ऑडिट-आयडी' ऑडिट टेबलाकडे बोट दाखवत असेल, तर रिस्टोरमध्ये ऑडिट रिकामं असेल आणि ती फॉरेन की तयारच होणार नाही. उत्तर दोनच: ऑडिटही घ्या, किंवा रिस्टोरच्या वेळी ती एक की जाणीवपूर्वक गाळा. हे आज कागदावर लिहून ठेवा.

पार्टिशन केलेल्या, म्हणजे तुकड्यांत विभागलेल्या, टेबलांबद्दलही सावध राहा. स्मॉल टीला फक्त मूळ टेबलाचं नाव दिलं तर मूळ टेबलाची व्याख्या येते, पार्टिशनमधला डेटा येत नाही. फाइल तयार होते, चूक दिसत नाही, आणि आत एकही ओळ नसते. आवृत्ती १६ पासून 'टेबल-अँड-चिल्ड्रन' हा पर्याय आहे, त्याआधी नावात तारकाचिन्ह वापरून पार्टिशनही पकडावी लागतात. डेटा वगळतानाही तोच नियम: १६ मध्ये 'एक्स्क्लूड-टेबल-डेटा-अँड-चिल्ड्रन' आला, त्याआधी पार्टिशनची नावं पॅटर्नमध्ये बसवावी लागतात.

डंप घेताना

फॉरमॅट कस्टम किंवा डिरेक्टरी ठेवा. साध्या एसक्यूएल फाइलमधून एखादंच टेबल काढणं म्हणजे मजकुरात हाताने कापाकापी करणं. कस्टम आणि डिरेक्टरी या दोन्हींमधून पीजी-रिस्टोर हवं तेवढं उचलू शकतो. समांतर डंप फक्त डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये होतो, समांतर रिस्टोर दोन्हींत होतो. तुमच्या ७० जीबीसाठी डिरेक्टरी फॉरमॅट आणि स्मॉल जे ४ इथून सुरुवात करा. कनेक्शन चार नाही, पाच लागतील. कॉम्प्रेशन आत होतंच, पुढे जीझिपला पाइप करू नका. पाइप केला की शेलला जीझिपचा एक्झिट कोड दिसतो, आणि पीजी-डंप मध्येच मेला तरी स्क्रिप्ट यशस्वी म्हणते. पाइप टाळताच येत नसेल तर बॅशमध्ये 'पाइपफेल' चालू करा.

एकमेकांशी जोडलेली टेबलं कधीही वेगवेगळ्या आज्ञांनी घेऊ नका. एकदा चालवलेला पीजी-डंप सुरुवातीला एक स्नॅपशॉट धरतो आणि सगळी टेबलं त्याच क्षणाची देतो. ऑर्डरचा डंप दोन वाजता आणि ऑर्डर-ओळींचा सव्वादोनला घेतला, तर मधल्या पंधरा मिनिटांतल्या ओळींना आईबाप नसतात आणि रिस्टोरमध्ये फॉरेन की पडते. वेगळ्या आज्ञा अपरिहार्य असतील तर एका सेशनमध्ये 'पीजी-एक्स्पोर्ट-स्नॅपशॉट' चालवा, ते ट्रान्झॅक्शन उघडं ठेवा आणि मिळालेला आयडी प्रत्येक डंपला 'स्नॅपशॉट' पर्यायात द्या.

लॉकचा मुद्दा बऱ्याच जणांना उशिरा कळतो. डंप प्रत्येक टेबलावर अ‍ॅक्सेस शेअर लॉक घेतो. वाचन-लेखन त्याने अडत नाही. पण त्याच वेळी मायग्रेशनचा (टेबलांची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टचा) ऑल्टर टेबल आला की तो डंपमागे थांबतो, आणि त्या ऑल्टरमागे साधे सिलेक्टसुद्धा रांगेत अडकतात. ग्राहकाला दिसतं की साइट बंद आहे, सर्व्हरवर मात्र काहीच चालत नसतं. मायग्रेशनमध्ये 'लॉक-टाइमआउट' काही सेकंदांचा ठेवा, डंपला 'लॉक-वेट-टाइमआउट' द्या आणि दोघांच्या वेळा वेगळ्या करा. समांतर डंपमध्ये याची दुसरी बाजू दिसते: कुणीतरी एक्स्क्लुझिव्ह लॉकसाठी रांगेत असेल तर वर्करला लॉक मिळत नाही आणि तो थांबण्याऐवजी पूर्ण डंप रद्द होतो.

डंप लांबला तर व्हॅक्यूमवरही (मेलेल्या ओळींची साफसफाई) परिणाम होतो. स्नॅपशॉट उघडा असेपर्यंत त्यानंतर मेलेल्या ओळी साफ होत नाहीत आणि जास्त अपडेट होणारी टेबलं फुगतात. म्हणून डंप स्टँडबायवर (प्रायमरी म्हणजे मुख्य सर्व्हरची मागोमाग चालणारी प्रत) घ्यावासा वाटतो, आणि ते योग्यही आहे. पण स्टँडबायवर लांब क्वेरी 'कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी' म्हणून मारली जाते, कारण 'मॅक्स-स्टँडबाय-स्ट्रीमिंग-डिले' मुळात ३० सेकंदांचा असतो. तो वाढवला तर स्टँडबाय मागे पडतो. 'हॉट-स्टँडबाय-फीडबॅक' चालू केला तर फुगणं परत प्रायमरीवर येतं. फक्त बॅकअपसाठी वेगळा स्टँडबाय असेल तर डिले वाढवणं मला बरं वाटतं. त्याच स्टँडबायवरून रिपोर्टही जात असतील तर फीडबॅक घ्या.

डंपमध्ये रोल (डेटाबेसचे वापरकर्ते आणि गट) येत नाहीत. 'पीजी-डंपऑल' ला 'ग्लोबल्स-ओन्ली' देऊन ती छोटी फाइल रोज सोबत ठेवा, नाहीतर रिस्टोरमध्ये ओनर आणि ग्रँटच्या ओळी रांगेने पडतील. टेबलांवर रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचे नियम) असेल तर डंप घेणाऱ्या रोलला ती ओलांडायचा हक्क द्या. तो नसेल तर पीजी-डंप चूक देऊन थांबतो, आणि ते चांगलंच आहे. चूक टाळायला कुणी 'एनेबल-रो-सिक्युरिटी' लावला, तर त्या रोलला दिसतात तेवढ्याच ओळी डंपमध्ये जातात.

पीजी-डंपला 'व्हेअर' नाही. फक्त गेल्या ९० दिवसांच्या ऑर्डर हव्या असतील तर पीएसक्यूएलमधला 'बॅकस्लॅश कॉपी' सिलेक्टसकट वापरा, कॉलमांची नावं स्पष्ट लिहा, आणि जोडीच्या टेबलांची कॉपी रिपीटेबल रीडच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा.

मोठं अपडेट चालवण्याआधी 'क्रिएट टेबल अ‍ॅज सिलेक्ट' ने प्रत करून ठेवणं चांगली सवय आहे, पण त्या प्रतीत इंडेक्स, प्रायमरी की, डिफॉल्ट काहीच नसतं. तिला मूळ टेबलाच्या जागी बसवायला जाऊ नका. 'लाइक इन्क्लूडिंग ऑल' ने इंडेक्स आणि डिफॉल्ट येतात, फॉरेन की आणि ट्रिगर येत नाहीत. शिवाय सीरियल कॉलम असेल तर प्रतीचा डिफॉल्ट मूळ टेबलाच्याच सीक्वेन्सकडे बोट दाखवतो. उद्या मूळ टेबल ड्रॉप करायला गेलात की हे गुंतागुंतीचं नातं समोर येतं.

डंप पुरेसा का नाही

रात्री दोनचा डंप आहे आणि दुपारी चारला कुणी 'व्हेअर' न लिहिता डिलीट चालवलं, तर चौदा तासांच्या ऑर्डर डंपमध्ये नाहीत. पेमेंटच्या टेबलासाठी हे चालणार नाही. म्हणून डंपच्या खाली फिजिकल बॅकअप (डिस्कवरच्या फाइलींची जशीच्या तशी प्रत) आणि वॉल फाइलींचं (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाइलींचं) अर्काइव्ह हवंच. तो बॅकअप पूर्ण क्लस्टरचा, म्हणजे त्या सर्व्हरच्या सगळ्या डेटाबेसचा असतो, टेबलापुरता घेता येत नाही. 'पीजीबॅकरेस्ट' या बॅकअपच्या साधनात निवडक डेटाबेस रिस्टोर करायची सोय आहे, निवडक टेबलांची नाही. ४०० जीबीसाठी हे जड वाटेल, पण आठवड्याला एक पूर्ण आणि रोज एक इन्क्रिमेंटल अशी आखणी केली तर रोजचा भार बदललेल्या फाइलींपुरताच राहतो. तुमच्या डेटाबेसमध्ये वाढतात त्या मुख्यतः लॉगच्या फाइली, त्यांचा उपाय शेवटी सांगतो.

टेबलाची फाइल डिस्कवरून उचलून दुसरीकडे ठेवली तर चालेल का, असं बऱ्याचदा विचारलं जातं. चालत नाही. कोणती ओळ कमिट झाली आणि कोणती नाही याचा हिशेब पीजी-एक्सअ‍ॅक्ट या डिरेक्टरीत असतो आणि तो सगळ्या क्लस्टरचा एकत्र असतो. त्याच्याशिवाय टेबलाच्या फाइलीला अर्थ नाही.

आणखी एक स्वस्त उपाय म्हणजे मुद्दाम मागे ठेवलेला स्टँडबाय. 'रिकव्हरी-मिन-अप्लाय-डिले' चार तास ठेवला तर प्रायमरीवरचा अपघात तिथे पोचायला चार तास लागतात. चूक लक्षात येताच तिथे 'पीजी-वॉल-रिप्ले-पॉज' चालवा, टेबल तिथून काढा. चारशे जीबी परत ओतण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं. मात्र चूक चार तासांत लक्षात आली तरच.

अपघात झाल्यावर

पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. त्या टेबलावरचं अ‍ॅपचं लेखन थांबवा. वेळ लिहून ठेवा. डिलीट किंवा अपडेट असेल तर त्या टेबलावरचं ऑटोव्हॅक्यूम लगेच बंद करा. मेलेल्या ओळी व्हॅक्यूम होईपर्यंत पानांवर असतात, आणि 'पीजी-डर्टीरीड' हे एक्स्टेन्शन त्या वाचू शकतं. यावर विसंबून मात्र राहू नका, कारण नुसतं टेबल वाचतानाही पोस्टग्रेस पानावरच्या मेलेल्या ओळी छाटू शकतो. ट्रंकेट किंवा ड्रॉप असेल तर हा मार्ग नाहीच, तिथे जुनी फाइलच काढून टाकलेली असते.

फिजिकल बॅकअप नेहमी वेगळ्या मशीनवर उघडा, चालू प्रॉडक्शनवर नाही. पायऱ्या अशा: बेस बॅकअप उतरवा, 'रिस्टोर-कमांड' द्या, लक्ष्य वेळ द्या, आवृत्ती १२ पासून लागणारी 'रिकव्हरी डॉट सिग्नल' ही रिकामी फाइल ठेवा, 'अर्काइव्ह-मोड' बंद करा आणि सर्व्हर सुरू करा. अर्काइव्ह बंद करायला विसरलात आणि पुढे ही प्रत प्रमोट केली (लेखन घेणारा स्वतंत्र सर्व्हर केली), तर ती आपल्या वॉल फाइली प्रॉडक्शनच्या अर्काइव्हमध्ये ढकलू लागते. लक्ष्य गाठल्यावरची कृती मुळात 'पॉज' असते, ती तशीच राहू द्या. थांबलेल्या प्रतीत सिलेक्ट चालतात, पीजी-डंपही चालतो, आणि वेळ चुकली असेल तर लक्ष्य पुढे सरकवून पुन्हा सुरू करता येतं. मागे मात्र जाता येत नाही. त्यासाठी बेस बॅकअप पुन्हा उतरवावा लागतो, म्हणून पहिलं लक्ष्य थोडं आधीचंच धरा.

वेळेच्या बाबतीत भारतात हमखास होणारी चूक सांगतो. सर्व्हरचा लॉग यूटीसीमध्ये असतो, घटना सांगणारा माणूस भारतीय वेळ सांगतो, आणि साडेपाच तासांचा फरक पडतो. 'रिकव्हरी-टार्गेट-टाइम' मध्ये वेळेपुढे अधिक ५:३० असं स्पष्ट लिहा. वेळेवर भरवसा नसेल तर 'पीजी-वॉलडंप' ने कमिटच्या नोंदी बघून त्या ट्रान्झॅक्शनचा आयडी शोधा, 'रिकव्हरी-टार्गेट-एक्सआयडी' मध्ये तो द्या आणि 'इन्क्लुझिव्ह' बंद ठेवा. म्हणजे नेमकं त्या कमिटच्या आधी थांबता येतं.

तात्पुरतं मशीन लहान आहे म्हणून 'मॅक्स-कनेक्शन्स' कमी केलेत, तर प्रत स्टँडबाय म्हणून नीट उघडणार नाही. हा आकडा प्रायमरीइतका किंवा जास्तच असावा लागतो. मेमरी कमी हवी असेल तर 'शेअर्ड-बफर्स' कमी करा.

टेबल परत बसवणं

इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून सावकाश.

आधी पीजी-रिस्टोरचा एक सापळा. त्याचाही स्मॉल टी आहे, पण तो पीजी-डंपच्या स्मॉल टीसारखा वागत नाही. तो फक्त टेबल आणि डेटा आणतो. प्रायमरी की, इंडेक्स, फॉरेन की, ट्रिगर काहीच आणत नाही. नावात स्कीमाही (टेबल ज्या कप्प्यात आहे त्याचं नाव) लिहिता येत नाही, ती स्मॉल एनने वेगळी द्यावी लागते. टेबल परत आलं, ओळींची संख्या बरोबर आली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि दुसऱ्या दिवशी एकाच ऑर्डर-क्रमांकाच्या दोन ओळी दिसतात, असं यातूनच होतं. खात्रीचा मार्ग यादीचा आहे. स्मॉल एलने डंपमधली यादी फाइलमध्ये काढा. नको त्या ओळींपुढे अर्धविराम द्या. टेबल, सीक्वेन्स, सीक्वेन्स ओन्ड बाय, डिफॉल्ट, टेबल डेटा, सीक्वेन्स सेट, कन्स्ट्रेंट, इंडेक्स, एफके कन्स्ट्रेंट, ट्रिगर आणि एसीएल (हक्कांची यादी) यांतल्या आपल्या टेबलाच्या ओळी ठेवा. मग कॅपिटल एलने ती यादी देऊन रिस्टोर करा.

दुसरा सापळा 'क्लीन' पर्यायाचा. ग्राहक टेबलाकडे ऑर्डरची फॉरेन की येत असेल आणि ऑर्डर या डंपच्या यादीत नसेल, तर ड्रॉप होत नाही. पीजी-रिस्टोर मात्र मुळात चूक आली तरी थांबत नाही. ड्रॉप पडतो, मग क्रिएट पडतो कारण टेबल आहेच, आणि त्यानंतर तो जुना डेटा त्या जिवंत टेबलात ओतायला लागतो. प्रायमरी की असेल तर ती अडवते, नसेल तर सगळ्या ओळी दुप्पट होतात. 'एक्झिट-ऑन-एरर' आणि 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' दोन्ही द्या. नंतरचा पर्याय समांतर रिस्टोरसोबत चालत नाही, तिथे पहिला तरी द्याच.

ड्रॉप पडला म्हणून हाताने 'कॅस्केड' लिहिणं हा तिसरा सापळा. ड्रॉप कॅस्केड इतर टेबलांवरच्या फॉरेन की आणि अवलंबून असलेले व्ह्यू घेऊन जातो. ट्रंकेट कॅस्केड तर त्याहून भयंकर. फॉरेन कीने जोडलेली टेबलं तो ओळींसकट रिकामी करतो. ग्राहक दुरुस्त करायला गेलात आणि ऑर्डर, ऑर्डर-ओळी, पेमेंट सगळं रिकामं झालं, असं होऊ शकतं.

म्हणून थेट जागेवर रिस्टोर करूच नका. वाचवलेला डेटा आधी बाजूला आणा. प्रॉडक्शनमध्येच 'वाचव' नावाची स्कीमा करा, तिथे मूळ टेबलासारखं साधं टेबल बनवा आणि तात्पुरत्या प्रतीतून बॅकस्लॅश कॉपीने, कॉलमांची नावं लिहून, डेटा भरा. पीजी-रिस्टोरला स्कीमेचं नाव बदलता येत नाही, म्हणून कॉपीच सोपी पडते. आता दोन्ही टेबलं शेजारी आहेत आणि तुलना एसक्यूएलमध्ये करता येते: वाचवमध्ये आहेत पण जिवंत टेबलात नाहीत अशा ओळी किती, दोन्हीकडे असून वेगळ्या आहेत अशा किती, आणि अपघातानंतर नव्याने आलेल्या किती. हरवलेल्या ओळी 'नॉट एक्झिस्ट्स' लावून घाला. बदललेल्या ओळींवर आपोआप अपडेट चालवू नका. त्यातले काही बदल अपघातानंतर ग्राहकाने स्वतः केलेले, खरे असतात.

घालताना क्रम आईबापांपासून मुलांकडे. डिलीट झालं तेव्हा फॉरेन कीवर 'ऑन डिलीट कॅस्केड' असेल तर मुलांच्या ओळीही गेल्या आहेत, त्याही आणा. 'सेट नल' असेल तर मुलांच्या ओळी जागेवर आहेत, पण त्यांतला आयडी पुसला गेला आहे. तिथे इन्सर्ट नाही, अपडेट लागतो. ग्राहक परत आले आणि त्यांच्या ऑर्डर अनाथच राहिल्या, ही चूक यामुळे होते. ओळींची संख्या बरोबर दिसत असल्यामुळे ती पकडलीही जात नाही.

आयडेंटिटी कॉलम 'जनरेटेड ऑल्वेज' असेल तर इन्सर्टला 'ओव्हररायडिंग सिस्टिम व्हॅल्यू' लिहावं लागतं.

ट्रिगर आधी वाचून काढा. ऑर्डर घातली की साठा कमी करणारा किंवा एसएमएसच्या रांगेत ओळ टाकणारा ट्रिगर असेल, तर हजारो ग्राहकांना दोन महिन्यांपूर्वीच्या ऑर्डरचे एसएमएस जातील. तेवढाच ट्रिगर नाव घेऊन 'डिसेबल' करा, काम झालं की त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये चालू करा. 'सेशन-रेप्लिकेशन-रोल' रेप्लिका करणं सोपं दिसतं, पण त्याने फॉरेन कीची तपासणीही बंद पडते. त्या काळात आत गेलेली अनाथ ओळ पोस्टग्रेस पुन्हा कधी तपासत नाही. कन्स्ट्रेंट वैध दिसतो, डेटा नसतो.

सीक्वेन्सचा विचार वेगळा करा. फक्त ओळी डिलीट झाल्या असतील तर प्रॉडक्शनचा सीक्वेन्स पुढेच आहे, त्याला हात लावू नका. टेबल ड्रॉप होऊन डंपमधून आलं असेल तर सीक्वेन्स डंपच्या क्षणाला मागे गेला आहे. तिथे फक्त टेबलातल्या सर्वांत मोठ्या आयडीवर 'सेटव्हॅल' करणं पुरत नाही. डंपनंतर दिलेले क्रमांक बिलांवर छापून, पेमेंट गेटवेकडे जाऊन बसलेले असतात. तेच क्रमांक नव्या ऑर्डरला मिळाले तर ताळमेळ कधीच लागत नाही. बाहेर गेलेला सर्वांत मोठा क्रमांक शोधा आणि त्याच्याही पुढे मोकळी जागा सोडून सीक्वेन्स लावा. क्रमांकांत खंड पडलेला चालतो.

शेवटी त्या टेबलांवर 'अ‍ॅनालाइज' चालवा, नाहीतर प्लॅनरकडे (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाकडे) नव्या आकाराची आकडेवारी नसते आणि क्वेरी रेंगाळतात. वाचव स्कीमा निदान पुढच्या महिनाअखेरीचे हिशेब जुळेपर्यंत ठेवा.

तुम्ही मायएसक्यूएलवर असाल तर

विचार तोच, सापळे थोडे वेगळे. मायएसक्यूएल-डंपला डेटाबेसच्या नावापुढे टेबलांची नावं दिली की तेवढीच येतात. 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' ने इनोडीबी (मायएसक्यूएलचा नेहमीचा साठवण प्रकार) टेबलं एका क्षणाची मिळतात, पण मधे कुणी ऑल्टर चालवला तर ती हमी जाते. तिथे 'व्हेअर' पर्याय आहे, आणि तोच धोक्याचा आहे. डंप फाइलमध्ये मुळातच 'ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स' लिहिलेलं असतं. एका ग्राहकाच्या ऑर्डर 'व्हेअर' लावून काढल्या आणि ती फाइल प्रॉडक्शनवर चालवली, तर पूर्ण टेबल उडून त्या एका ग्राहकाच्या ओळी उरतात. अशा डंपला 'नो-क्रिएट-इन्फो' हवाच, त्याने ड्रॉपही जातो. 'इन्सर्ट-इग्नोर' वापरलात तर तो इतर चुकाही वॉर्निंग करून गिळतो, म्हणून आधी-नंतर ओळी मोजा.

बॅकअप खरंच आहे का

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या प्रॉडक्शन डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली, तेव्हा रोजचा पीजी-डंप शोधायला गेल्यावर तो नव्हताच. डेटाबेस ९.६ होता, स्क्रिप्ट ९.२ चा पीजी-डंप चालवत होती. आपल्यापेक्षा नव्या मेजर आवृत्तीच्या सर्व्हरचा डंप पीजी-डंप घेतच नाही. डंप अयशस्वी झाल्याचे ईमेल जात होते, पण ते मेल सर्व्हरवर नाकारले जात होते. शेवटी सुमारे सहा तास जुन्या स्नॅपशॉटवरून सगळं उभं करावं लागलं. कंपनीने हे सगळं स्वतः जाहीर केलं, त्यामुळे आपल्याला शिकता येतं.

यातून रोजच्या कामात दोन गोष्टी घ्या. अपयशाची सूचना पाठवण्याऐवजी यशाची नोंद तपासा: शेवटच्या यशस्वी डंपची वेळ २६ तासांपेक्षा जुनी झाली की मॉनिटरिंगने ओरडावं. आणि डंप रोज रात्री एका रिकाम्या डेटाबेसमध्ये पूर्ण रिस्टोर करा. स्मॉल एलची यादी नीट आली म्हणजे डंप नीट आहे असं नाही, ती फक्त सुरुवातीची अनुक्रमणिका वाचते. पूर्ण रिस्टोरमध्ये फॉरेन की तयार होतात, तीच सर्वांत कडक तपासणी. सोबत ग्राहक, ऑर्डर, पेमेंटच्या ओळी आणि कालच्या पेमेंटची बेरीज कालच्या दैनिक अहवालाशी जुळवा. लागलेला वेळही नोंदवा. ७० जीबीच्या रिस्टोरमध्ये मोठा वेळ इंडेक्स बांधण्यात जातो, म्हणून 'मेंटेनन्स-वर्क-मेम' त्या मशीनवर वाढवून बघा. पीजी-डंप फाइल एन्क्रिप्ट करत नाही, आणि त्यात ग्राहकांचे फोन नंबर-पत्ते असतात. बाहेर पाठवण्याआधी ते काम वेगळं करा, आणि किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नका.

राहिली लॉगची टेबलं. त्यांना महिन्यानुसार पार्टिशन करा. महिना संपला की ते पार्टिशन बदलत नाही, म्हणून रोज त्याचा डंप घ्यायची गरज नाही. ते 'डिटॅच' करा (आवृत्ती १४ पासून 'कन्करंटली' लावून, म्हणजे मूळ टेबल अडत नाही), स्मॉल टीने त्याचा एकदाच डंप घ्या, तो रिकाम्या डेटाबेसमध्ये उघडून ओळी मोजा, आणि मगच ड्रॉप करा. डिटॅच केलेलं पार्टिशन साधं स्वतंत्र टेबल असतं, त्यामुळे स्मॉल टीची बाहेरच्या अवलंबनांची अडचण इथे सहसा येत नाही. असे दहा-बारा महिने बाहेर काढलेत की ४०० जीबीचा डेटाबेस शंभराच्या आसपास येईल, आणि आज जड वाटणारा फिजिकल बॅकअप रोज पूर्ण घेता येईल.